शंभर टक्के

वेंगुर्ल्याहून लेकीनं सूर्यास्त पाठवला.
घरच्या ग्रुपवर तो विडीच्या निखाऱ्याएवढा उतरला.
खाली सात अंगठे, दोन जोडलेले हात,
नळदुर्गच्या आत्याचं नेहमीचं गुलाबाचं फूल.

मग वेगळा निरोप, फक्त मला :
नान्ना, तो बघू नका, तो दाबून बारीक झालाय.
हा अस्सल पाठवतेय. मोठा करून बघा.

बावीस एमबी.
विडी घरकुलात तो रात्रभर
गोल गोल फिरत राहिला.
पहाटे पाचव्या दिवशीचं पाणी आलं नळाला,
त्याच सुमाराला तोही उतरला.

फोनवर नाही उघडला.
कारखान्यात नेला, अक्कलकोट रोडला,
डिझाइनच्या खोलीत.
एप्रिलमध्ये इथं एसी असतो तो कॉम्प्युटरसाठी,
मी त्याच्या आडोशाला बसतो.

तीस वर्षं टॉवेलावर चित्रं काढतोय.
आधी ग्राफच्या कागदावर, चौकट चौकट रंगवून,
मग कार्डांना भोकं पाडून,
आता माउसनं.
समुद्र मी डझनाच्या भावानं पाठवलाय परदेशी,
एक माड, तीन लाटा,
आणि सूर्य आठ रंगांत बसवायचा.
नववा मागितला की शेठ म्हणतात,
गड्डम, सूर्य आहे का सर्कस?

बघितला मात्र नाही कधी.
आमचा सूर्य कंबर तलावाच्या जलपर्णीत जातो,
आवाज न करता,
म्हैस पाण्यात बसावी तसा.

शंभर टक्के केलं
आणि चित्र पडद्यात मावेना.
डावीकडं सरकलो तर सूर्य सुटला,
वर गेलो तर नुसतं आभाळ, हातभर आभाळ,
खाली ओल्या वाळूची चकाकी, तीही हातभर.
थानही आम्ही असंच बघतो उलगडताना,
हात हात,
खोट शोधत.

चारशे टक्के.
आता निघाल्या माझ्या ओळखीच्या चौकटी.
लाल म्हणून जो होता, त्यात लाल नव्हतंच.
गंज होता, पिकलं बोर होतं,
स्टीलच्या ताटात सांडलेली हळद होती,
आणि कडेला एक हिरवा,
जो आमच्या रंगाऱ्यानं घातला असता
तर मी लॉट परत पाठवला असता.

मग सवयीनं काठ तपासला.
टॉवेलाची चूक काठाशी असते.

उजव्या कोपऱ्यात, वाळूत,
तिच्या चपला. नवी पेठेतल्या.
डाव्या पट्ट्याला मीच मारलेला टाका
इथून मोजता येतो.
शेजारी दुसरा जोड.
दहा नंबर असावा. टाचा बाहेरून झिजलेल्या,
उजवी जास्त.
म्हणजे पायी चालणारा माणूस.
तो चित्रात कुठं नाही.
त्याचा चष्मा आहे,
घडी घालून ठेवलेला,
तिच्या चपलेत.

सातही अंगठ्यांना हे दिसलं नाही.
लहानपणी ह्याच स्टुलावर बसून
ती माझ्या ग्राफातल्या चुका काढायची.
एका चुकीला एक लिमलेटची गोळी.
मी काठ बघतो हे तिला ठाऊक नसेल,
असं कसं म्हणू?

दुपारी बायकोचा फोन. विड्या वळता वळता,
स्पीकरवर.
दिसला का ओ समुद्र?
दिसला, म्हटलं.
लई मोठा आहे. घरी आल्यावर सांगतो.

मग लेकीला लिहिलं, रंग पक्का वाटतो.
पुसलं.
लिहिलं, कोण आहे?
तेही पुसलं.
बराच वेळ त्या चष्म्याच्या काचेत बघत बसलो,
आठशे टक्के, बाराशे टक्के,
तिथंही एक सूर्य होता, चार चौकटींचा.

शेवटी एवढंच गेलं :
चष्मा वाळूत ठेवू नका म्हणावं,
काचेला ओरखडे पडतात.

दोन निळ्या खुणा.
टाइप होतंय, थांबलं, टाइप होतंय.
इतक्यात शेठ आले.
मी समुद्र मिटला
आणि हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलाची
पांढरी किनार उघडली.